ठरलेली तारीख आणि दिलेला शब्द

वस्तू वेळेवर देईन आणि वस्तू चांगली देईन, ही दोन्ही वचने माणूस एकाच तोंडाने देतो. पण ती एकमेकांच्या आड आली तर त्यांतले कोणते मोडावे? प्रश्न जुनाच आहे. शिंप्यापासून गवंड्यापर्यंत सर्वांनाच तो पडत आला. आज तो आपल्या नातवंडांच्या खेळापर्यंत, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांपर्यंत, येऊन ठेपला आहे. विषय पोरकट वाटेल, तरी वाचकांनी थोडा धीर धरावा.

येथे दुबईत, आमच्या अल मनखूल वस्तीला लागून खालिद बिन अल वलीद रस्ता जातो. संगणकांच्या दुकानांसाठी तो प्रसिद्ध आहे. इकडे नोकरी करणाऱ्या माणसाला वर्षा-दोन वर्षांनी रजा मिळते. त्याआधी कित्येक महिने त्याने ठाण्याला किंवा पनवेलला असलेल्या मुलाला फोनवर सांगितलेले असते, "येताना घेऊन येतो." बापाचा हा शब्द कंपनीच्या शब्दावर उभा असतो. कंपनीची तारीख चुकली की बापाचा शब्द चुकतो, आणि मुलाला कंपनी दिसत नाही, बाप दिसतो. म्हणून हा प्रश्न पोरकट नाही.

आता दोन उदाहरणे पाहू. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ३ हे यंत्र नोव्हेंबर २००६ मध्ये सर्वत्र यायचे होते. सप्टेंबरात कंपनीने जाहीर केले की युरोप, मध्यपूर्व, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया यांना मार्च २००७ पर्यंत थांबावे लागेल. तबकडी वाचणाऱ्या निळ्या लेसरचे भाग पुरेसे तयार होत नव्हते. ग्राहकांचा हिरमोड झाला, परंतु कारण कळले, नवी तारीख कळली, आणि २३ मार्चला यंत्र युरोपच्या बाजारात आले.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने मात्र बाजी मारली होती. तिचे एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २२ नोव्हेंबर २००५ रोजी, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या एक वर्ष आधी, अमेरिकेत विक्रीला आले. पुढे ही यंत्रे घरोघरी बंद पडू लागली. समोरच्या बटणाभोवती तीन लाल दिवे लागत आणि खेळ संपे. यंत्र चालताना तापे, बंद केल्यावर निवे, आणि या सततच्या तापण्या-निवण्याने आतील बारीक जोड तडकत. काही मुले यंत्र टॉवेलात गुंडाळून आणखी तापवत, म्हणजे ते थोडा वेळ चाले! ताप आलेल्या पोराला घोंगडीत गुंडाळून शाळेत पाठवण्यासारखाच हा उपाय. अखेर जुलै २००७ मध्ये कंपनीने या दोषाची गॅरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली, आधी दुरुस्तीसाठी पैसे भरलेल्यांना ते परत देऊ केले, आणि या सर्वासाठी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली.

या दोहोंत अधिक अपराध कोणाचा? माझे आयुष्य रुग्णालयात गेले, म्हणून मला तेथलाच दाखला सुचतो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरलेला असतो, नातेवाईक गावाहून आलेले असतात, आणि सकाळी रुग्णाला ताप भरतो. सर्जन शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. नातेवाईक कुरकुरतात, पण सर्जनने शब्द मोडला असे कोणी शहाणा माणूस म्हणत नाही. कारण मूळ शब्द तारखेचा नव्हता, रुग्ण बरा करण्याचा होता. तारीख ही त्या शब्दाची चाकर. मात्र त्या नातेवाइकांना बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत कोणी काहीच सांगितले नाही, तर तो अन्याय होय. माणूस थांबणे सोसतो, पण कोणी काही सांगत नाही हे त्याला सोसवत नाही.

कोणी म्हणेल, लाखो हातांत गेल्याशिवाय यंत्राचे सगळे दोष कळतच नाहीत. हे खरे आहे. न कळलेला दोष हे दुर्दैव आहे, त्याबद्दल कोणाला चोर म्हणू नये. पण दोष कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस हिशेबात धरला पाहिजे. परिचारिकेच्या हातून औषधाची मात्रा चुकली तर तिने पहिल्या क्षणी डॉक्टरांना सांगावे, हा आमचा पहिला धडा. चुकीपेक्षा लपवणे रुग्णाला अधिक महाग पडते. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच यंत्राच्या हातातील कांड्या आपोआप सरकू लागल्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली. परंतु अमेरिकेत खटला चालू असल्यामुळे अधिक बोलता येत नाही, असेही सांगितले. वकिलाच्या दृष्टीने हे योग्य असेल. पण कारण न सांगता मागितलेली क्षमा अर्धी राहते, कारण पुढे काय करावे हे ती ग्राहकाला सांगत नाही.

परदेशस्थांना आणखी एक काटा टोचतो. प्लेस्टेशन ५ अमेरिकेत व जपानात १२ नोव्हेंबर २०२० ला आले, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. मधल्या काळात घरची मंडळी साहजिकच इकडे डोळे लावून बसली. आमच्या नात्यातल्या एकाने येथून यंत्र नेले, ते चार महिन्यांत बंद पडले. तिकडचा दुकानदार म्हणाला, जेथे घेतले तेथे जा. इकडचा म्हणाला, यंत्र घेऊन या. गॅरंटीचा कागद दोन्हीकडे खराच होता, पण त्याचा उपयोग कोठेच नव्हता. वस्तू समुद्र ओलांडते आणि जबाबदारी किनाऱ्यावरच राहते, हा न्याय नव्हे.

तथापि सारा दोष विकणाऱ्याच्या पदरात टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. उशीर करणाऱ्याला आपण शिव्या देतो आणि घाई करणाऱ्याच्या दारात पहाटेपासून रांग लावतो. मग व्यापारी घाईच शिकणार. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधले, तरी त्याला टाळ्या वाजवणारे वऱ्हाडीही असतातच.

माझे मत असे की तारीख मोडावी, पण वेळेत सांगून मोडावी; दोष निघाला तर कबूल करावा आणि त्याचा खर्च ज्याने नफा घेतला त्याने सोसावा. ग्राहकानेही पहिल्या दिवसाचा मान सोडून सहा महिने थांबावे. आणि दूरदेशी असलेल्या बापांना एक सुचवावेसे वाटते. फोनवर "येताना आणतो" असे म्हणण्यापेक्षा "चांगले मिळाले की आणतो" असे म्हणावे. मूल क्षणभर रुसेल, पण तो शब्द बापाला पाळता येईल.