आपोआप वाजलेला सूर

‘आपोआप’ हा शब्द आपण फार सहजपणे वापरतो. भांडे आपोआप पडले, दार आपोआप लागले, तोंडून शब्द आपोआप निघून गेला. या शब्दात एक मोठी सोय आहे. तो उच्चारला की कर्ता नाहीसा होतो आणि दोषही कुणाच्या पदरात पडत नाही. म्हणूनच शिक्षक, आईवडील आणि आम्ही धर्मगुरू या शब्दाकडे नेहमीच संशयाने पाहतो. परंतु एकदा एका मुलाने तो माझ्यासमोर अगदी खरेपणाने उच्चारला आणि मी त्याला खोटे ठरवले. त्या चुकीने मला बराच विचार करायला लावला.

रविवारची मिस्सा चालू होती. ‘पवित्र, पवित्र’ हे स्तवन संपले, सारे भाविक गुडघ्यांवर आले आणि मी वेदीवरील मुख्य प्रार्थनेस आरंभ केला. या प्रार्थनेच्या वेळी वाद्ये मौन असावीत, असा उपासनेचा नियम आहे. परंतु कीबोर्डवरील शेवटचा स्वरमेळ थांबेचना. वाजवणाऱ्या मुलाने दोन्ही हात वर उचललेले मला दिसत होते, तरी ऑर्गनचा तो आवाज तसाच घुमत राहिला. गोंधळून त्याने दोनचार बटणे दाबली, तर त्यातून चक्क नाचाचा ठेका सुरू झाला! मुले खुदखुदली. अखेर कुणीतरी वायर उपटली.

मिस्सा संपल्यावर मी त्याला साऱ्या गायकवृंदासमोर उभे केले. “फादर, ते आपोआप वाजलं,” तो म्हणाला. मी म्हणालो, “आपोआप काही होत नसतं. वेदीचा मान राखता येत नसेल, तर वाजवायला बसू नकोस.” तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी कीबोर्ड दुसऱ्या मुलीने वाजवला.

दरम्यान आम्ही वाद्य दुरुस्तीला दिले होते. आमच्या किनारपट्टीवरची खारी हवा विजेच्या वस्तूंना मानवत नाही. पट्ट्यांखाली रबरी वाट्या असतात. पट्टी दाबली की वाटीतला कार्बनचा ठिपका खालच्या तांब्याच्या रेषांना टेकतो आणि स्वर उमटतो. तिथे धूळ वा ओल शिरली, तर एखादा स्वर मुका होतो, एखादा अवचित मोठ्याने ओरडतो. कारागिराने वाद्य उघडले, आतला भाग पुसला आणि तासभर वाजवून पाहिले. दोष कुठेच नव्हता. “माझ्याकडे तर हे शहाण्यासारखं वागतंय, फादर,” तो म्हणाला. “तुम्ही नुसतं वाद्य पाठवलंत. त्याच्यासोबत जे जे जोडता, ते मला तुमच्या जागेवर येऊन बघू द्या.”

तो चर्चमध्ये आला. त्याची पद्धत मला फार आवडली. जो स्वर बिघडला, त्याला त्याने आधी हातच लावला नाही. बाहेरून आत, एका वेळी एकच गोष्ट तपासायची, हा त्याचा शिरस्ता होता. वीज पाहिली, अ‍ॅडॉप्टर पाहिला, वायर पाहिली, आणि मग वाकून त्याने खाली नजर टाकली. गायकवृंदाच्या बाकाचा पाय स्वर लांबवण्याच्या पेडलवर येऊन टेकला होता.

आता या पेडलचे मर्म पाहा. पेडल म्हणजे एक साधा स्विच. काही पेडलांत दाबल्यावर विजेचा मार्ग जुळतो, तर काहींत दाबल्यावर तो तुटतो. दोन्ही प्रकार चालावेत म्हणून पुष्कळ कीबोर्ड सुरू होण्याच्या क्षणी पेडल ज्या स्थितीत असेल, तिलाच ‘मोकळी’ समजतात. त्या दिवशी वाद्य सुरू केले तेव्हा पेडल बाकाखाली दाबलेले होते. वाद्याने दाबलेल्याला मोकळे मानले. सगळे गुडघ्यांवर येताना बाक मागे सरकला, पेडल सुटले, आणि वाद्याला वाटले, आता ते दाबले गेले. म्हणून स्वर थांबेना. बाक बाजूला करून वाद्य बंद केले आणि पुन्हा सुरू केले. बस, दुरुस्ती झाली!

आणि तो बाक तिथे कुणी सरकवला होता? मीच. प्रथम कम्युनियनच्या मुलांना जागा हवी म्हणून त्या सकाळी मीच तो ढकलायला लावला होता.

वाद्याची चूक आणि माझी चूक यांत विलक्षण साम्य होते. वाद्याने पहिल्या क्षणी एक समजूत करून घेतली आणि पुढचे सारे तिच्याच मापाने मोजले. मीही तेच केले होते. या मुलाला मी एकदा सरावाच्या वेळी सिनेमाचे गाणे वाजवताना पकडले होते. ‘हा उथळ आहे,’ ही खूणगाठ तेव्हाच बांधली गेली होती. त्या रविवारी माझ्या डोळ्यांना त्याचे वर उचललेले हात दिसत होते. तरीही मी त्या हातांवर विश्वास न ठेवता माझ्या जुन्या समजुतीवर ठेवला.

१३व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी सुम्मा थिओलॉजिकामध्ये या प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. पुरेशा आधाराविना दुसऱ्याला दोषी ठरवणे हा अन्याय आहे आणि शंका असेल तिथे चांगल्या बाजूने अर्थ लावावा, असे ते सांगतात. यावर सहज मनात येते, अशाने आपण वारंवार फसणार नाही का? या आक्षेपालाही त्यांनी उत्तर दिले आहे. दुर्जनाला चांगला मानून पुष्कळदा फसणे हे सज्जनाला वाईट मानून क्वचित फसण्यापेक्षा बरे, कारण पहिल्या चुकीत कुणावर अन्याय होत नाही, दुसरीत होतो. सेमिनरीत असताना मी हे परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा अर्थ मात्र मला त्या बाकाच्या पायाशी कळला.

येथे एक अडचण उभी राहते. प्रत्येक कृतीमागे असा एखादा दडलेला बाक शोधत बसलो, तर जगात दोषी कुणी उरणारच नाही. दारुडा परिस्थितीकडे बोट दाखवील, लाचखाऊ व्यवस्थेकडे. मग पाप आणि पश्चात्ताप हे शब्दच निरर्थक ठरतील. मला वाटते, कारण आणि दोष यांत भेद करायला हवा. कारण प्रत्येक घटनेला असते. दोष मात्र तिथेच असतो जिथे समजून-उमजून निवड झालेली असते. माणसाच्या हातून नुसते घडते ते वेगळे आणि माणूस विचाराने व इच्छेने करतो ते वेगळे, हा भेदही अक्वायनस यांनीच शिकवला आहे. पेडलपुढे निवड नव्हती. त्या मुलापुढेही नव्हती. गोंधळून चुकीचे बटण दाबणे ही चूक खरी, पण तो अपराध नव्हे.

आणि माझे काय? मीही मनात म्हणून पाहिले, ‘राग आपोआप आला.’ राग कदाचित आला असेल. परंतु तो स्वर घुमला तेव्हापासून मी त्या मुलासमोर उभा राहिलो तोपर्यंत बराच वेळ गेला होता. तेवढ्या वेळात एखादा प्रश्न सहज विचारता आला असता. मी विचारला नाही, शब्द मात्र निवडून वापरले, आणि ते चारचौघांत ऐकवायचे हेही मीच ठरवले. ‘आपोआप काही होत नसतं’ हे माझे वाक्य खरे होते. ते मला लागू होते, त्याला नव्हे.

जखम चारचौघांत झाली होती, तेव्हा क्षमा एकांतात मागून भागणार नव्हते. त्याच गायकवृंदासमोर मी त्याची माफी मागितली. तो लाजून “असू द्या, फादर,” एवढेच म्हणाला आणि काही आठवड्यांनी पुन्हा वाजवू लागला. आता सुरू करण्यापूर्वी तो न चुकता वाकून खाली पाहतो. वाद्य तेव्हापासून निर्वेध चालले आहे. मात्र शेवटचा स्वरमेळ सोडून हात उचलले की तो क्षणभर वेदीकडे, माझ्याकडे पाहतो. स्वर थांबला ना, याची खात्री तो कानांनी करून घेऊ शकतो. तरीही त्याची नजर माझा चेहरा तपासते. तो बिघाड वाद्यातला नाही. तो मी केलेला आहे, आणि बंद करून पुन्हा सुरू करण्याने तो जाणारा नाही.