इथे तोंडी सांगावे

१६७६ साली जपानमधल्या इगाच्या फुजिबायाशी यासुताके यांनी ‘बान्सेन्शुकाई’ हा निन्जुत्सूचा, म्हणजे निन्जा हेरांच्या विद्येचा, भलाथोरला ग्रंथ सिद्ध केला. देशातली यादवी निकालात काढणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईला तेव्हा पाऊण शतक उलटलं होतं. जपानात शांतता होती, हेरांना फारसं काम उरलं नव्हतं. विद्या कागदावर उतरवण्याची घाई बहुधा अशाच वेळी होते: ती रोज वापरणारे हात कमी होऊ लागले की.

ग्रंथात भिंत चढायची, पाणी ओलांडायची, कुलूप उघडायची साधनं आकृत्यांसह दिली आहेत. दारूगोळ्याच्या कृतीही आहेत. मात्र मजकूर ऐन मोक्याला आला की कित्येकदा मध्येच थांबतो. तिथे एवढाच शेरा असतो: कुदेन. म्हणजे, हे तोंडी सांगावे.

या रिकाम्या जागा मला त्या ग्रंथातला सर्वात प्रामाणिक भाग वाटतात. लिहिणाऱ्याला आपल्या लेखणीची हद्द ठाऊक होती.

आजच्या काही निन्जुत्सू-गुरूंनी ही गुप्त विद्या परदेशी माणसांना शिकवून तिचा बाजार मांडला, असा आक्षेप घेतला जातो. पण ‘बान्सेन्शुकाई’ पानोपानी आधार घेतो तो चिनी युद्धशास्त्रकार सुन त्झूचा. निन्जांच्या नऊ अक्षरांच्या विधीत बोटांच्या ज्या मुद्रा आहेत, त्या गूढ बौद्ध पंथातून आलेल्या. त्यांचा उगम भारतात. योद्धे जिची उपासना करत ती मारिशितेन म्हणजे आपल्याकडून चीनमार्गे तिथे पोचलेली मरीची. उसन्या शिदोरीवर वाढलेल्या विद्येने दार लावून घेणं हा कृतघ्नपणा ठरला असता.

खरी अडचण निराळी आहे. ग्रंथाची सुरुवात हत्यारांनी होत नाही, मनाच्या सरळपणाने होते. तो नसेल तर ही निव्वळ चोराची विद्या, असं फुजिबायाशी बजावतात. इगाच्या खोऱ्यात शिष्याचं घर, त्याचा आजा, त्याचा स्वभाव गुरूला माहीत असे. परक्या शहरातल्या शिक्षकाच्या दारात मात्र पूर्णपणे अनोळखी माणूस उभा असतो. त्याचं मन कसं तपासायचं? मला एकच उपाय दिसतो, आणि तो म्हणजे वेळ. दोन वर्षं नुसतं पडायला शिकवा. कोलांटी मारताना खांदा टेकतो, कंबर वळते, अंगाचा आवाज होत नाही, इथपर्यंत. ज्याला फक्त कुणाला तरी मारायचं असतं, तो एवढा टिकत नाही.

शिकताना असा वेळ दिलेल्यांपैकी एक मासाआकी हात्सुमी, जपानमधल्या चिबा प्रांतातल्या नोदा गावचे, जन्म १९३१. हाडं बसवण्याचा व्यवसाय. आगगाडीने दूरच्या काशिहाराला जाऊन ते तोशित्सुगु ताकामात्सु यांच्याकडे शिकले, १९७२ मध्ये गुरू वारले तोपर्यंत, सुमारे १५ वर्षं. त्याच नोदात त्यांनी परक्यांसाठी दार उघडलं. इस्रायलचे डोरॉन नावोन आले, अमेरिकेचे स्टीफन हेज आले. मग रीघ लागली. हात्सुमी ज्याचे प्रमुख झाले त्या तोगाकुरे या निन्जुत्सू-घराण्याच्या प्राचीन वंशावळीवर इतिहासकार शंका घेतात, आणि ती शंका रास्त आहे. पण शिकणाऱ्याने रात्रीच्या गाडीत काढलेली वर्षं वंशावळीवर अवलंबून नसतात.

हात्सुमींच्या बुजिनकान परंपरेत पाचव्या दानची, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या पाचव्या पायरीची, परीक्षा अशी असते. शिष्य गुडघे दुमडून, डोळे मिटून, पाठ करून बसतो. मागे परीक्षक सराव-तलवार उगारून उभा. इशारा नाही, मोजणी नाही. परीक्षकाला वाटेल तेव्हा घाव डोक्याच्या दिशेने खाली येतो आणि शिष्याने त्याआधी बाजूला लोळायचं. लवकर हलला तरी चूक, उशीर झाला तर डोक्यावर फटका. पुस्तक पाठ करून इथे काही मिळत नाही. भाषेचाही उपयोग नाही. जपानी न येणारा आणि जपानी येणारा दोघे सारखेच आंधळे. या परीक्षेत उतरल्यावरच स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार मिळतो, हे मला फार योग्य वाटतं: जो शिकवणार, त्याने मागचं न पाहता ओळखायला हवं.

तरीही दर्जाचं दुःख आहेच. पट्टे भराभर वाटले गेले, असं खुद्द या परंपरेतले जाणते लोक म्हणतात. गुपित फुटल्याने विद्या मरत नाही. ती स्वस्त पदवीने मरते, काळ्या पोशाखाच्या हौसेने मरते. १९८० च्या दशकातल्या अमेरिकी सिनेमांनी जगाला निन्जाचा मुखवटा दिला आणि हेराचं मुख्य काम झाकून टाकलं: बातमी घेऊन जिवंत परत येणं.

जिनिची कावाकामी यांनी उलट वाट धरली. कोका या निन्जा-परंपरेतल्या बान घराण्याचे ते एकविसावे प्रमुख. सहाव्या वर्षी शिकायला लागले. मेणबत्तीच्या वातीकडे आपण तिच्या आतच आहोत असं वाटेपर्यंत बघत राहायचं, हा एक धडा. आपण त्याला त्राटक म्हणू. लाकडी जमिनीवर पडलेल्या सुईचा आवाज टिपायचा, हा दुसरा. या विद्येला आजच्या काळात जागा नाही, असं सांगून त्यांनी वारस नेमायचं नाकारलं. मात्र मिए विद्यापीठात ते निन्जांचा इतिहास शिकवू लागले. त्यांचा निर्णय मला पटत नाही, पण त्यातला स्वच्छपणा पटतो. इतिहास वर्गात सांगता येतो. वात मात्र ज्याची त्यालाच बघावी लागते.

हात्सुमींनी २०१९ मध्ये बुजिनकानमधल्या नऊ घराण्यांची प्रमुखपदं ज्येष्ठ जपानी शिष्यांकडे सोपवली. बाहेरच्या जगात मात्र त्यांच्याकडे तरुणपणी शिकलेली माणसं आज स्वतः म्हातारी होत आली आहेत, आणि त्यांच्यापुढे बसलेल्या अनेकांनी नोदा पाहिलेलंच नाही. ‘पाऊल इथेच का टाकायचं?’ असं त्यांतला कुणी विचारतो, तेव्हा त्या शिक्षकाला ना ग्रंथाचा आधार असतो ना चित्रफितीचा. तो शिष्याला म्हणतो, माझं मनगट धर, घट्ट धर, आणि आता ओढ.