थकवा आणि झीज

शिकागोच्या गॉटलीब कंपनीनें १९४७ सालीं ‘हम्प्टी डम्प्टी’ या पिनबॉल यंत्रास चेंडू उडविणारे विजेचे फ्लिपर प्रथम बसविले. खेळ फार लांबला कीं हे फ्लिपर दुबळे पडतात. तांब्याचें वेटोळें तापतें. उष्णमान ५० अंशांनीं चढलें म्हणजे तारेचा विरोध सुमारें २० टक्के वाढतो, प्रवाह घटतो, ओढ मंदावते. वेटोळें निवतांच जोर परत येतो. आंतील नळी झिजली किंवा सांधा सैल झाला असेल, तर मात्र विश्रांति व्यर्थ. तेथें भागच बदलावा लागतो. म्हणून जाणता कारागीर यंत्र आधीं निवूं देतो, मग दोष ठरवितो.

जालन्याच्या पोलाद-कारखान्यांत भट्टीपुढें राबणाऱ्या मजुराचा हात पाळी संपतां संपतां जड झाला, तर त्यास आळशी म्हणण्याची घाई आपण कां करावी? तापानें आलेली दुर्बलता हा दुर्गुण नव्हे. तिचा उपाय विसावा. वर्षानुवर्षांच्या झिजेस विसावाही पुरत नाहीं. तिची भरपाई काम घेणाऱ्यानें करावी, हेंच न्याय्य होय. जगांत आळस नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु विसावा दिल्यावांचून तो ओळखावा तरी कसा?