डॉक्टरकीची किंमत कोण चुकवतो?

‘नीट’चा निकाल लागला, की धर्मग्रामाच्या कार्यालयात येणाऱ्या माणसांचे प्रश्न बदलतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्याबरोबर फीचा आकडाही टेबलावर येतो. मुलीला अंबाजोगाईच्या शासकीय महाविद्यालयात जागा मिळाली आहे आणि मुंबईजवळच्या एका नामांकित अभिमत विद्यापीठातही मिळू शकते. मग काय करावे? असे विचारणाऱ्या आईवडिलांचे उत्तर पुष्कळदा मनाशी ठरलेले असते. धर्मगुरूकडून त्यांना सल्ल्यापेक्षा संमती हवी असते.

प्रथम हे ‘नाव’ म्हणजे काय, ते पाहू. महागडे तेच प्रतिष्ठित, असे पुष्कळांना वाटते. आपल्याकडे गंमत उलटी आहे. १८४५ साली सुरू झालेले मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज, १९२६ सालचे केईएमचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय, १९५६ मध्ये स्थापन झालेली दिल्लीची एम्स, ही खरी मानाची नावे, आणि खासगी संस्थांच्या तुलनेत त्यांची फी अल्प. तेव्हा अंबाजोगाई सोडून मुंबईजवळच्या महागड्या संस्थेकडे वळणारे कुटुंब बहुधा विद्वत्तेची प्रतिष्ठा विकत घेत नसते. ते शहराचे सान्निध्य, वातानुकूलित वसतिगृह आणि नातलगांना सांगायला सोपे असलेले नाव घेत असते. अंबाजोगाई हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. वसईच्या लग्नमंडपात ते नाव सांगितले, की पुढचा प्रश्न येतो, “ते कुठे आले?” या एका प्रश्नाच्या धास्तीपोटी किती वाड्या विकल्या गेल्या असतील, देव जाणे!

आता हिशेब. अनेक अभिमत विद्यापीठांत वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे आहे. साडेचार वर्षांचे नव्वद लाख झाले. त्यांपैकी चाळीस लाख जमीन विकून आणि पन्नास लाख कर्ज काढून उभे केले, असे समजू. दहा टक्के व्याजाने पंधरा वर्षांत ते कर्ज फेडायचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे त्रेपन्न हजार सातशे रुपये येतो. एकूण फेड होते सुमारे शहाण्णव लाख सत्तर हजार. शिक्षण चालू असतानाचे व्याज वेगळेच. शिवाय नुसत्या एमबीबीएसवर आज कोणी थांबत नाही. पदव्युत्तर प्रवेशाची वाट पाहण्यात आणखी वर्षे जातात. बुरूज बांधायला निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा शुभवर्तमानातील दाखला आपण प्रवचनात ऐकतो. प्रवेशाच्या दिवसांत तो कोणाला आठवत नाही.

परंतु नैतिक प्रश्न या बेरजेत संपत नाही. तो तेथे सुरू होतो. ‘पैसा आमचा, मुलगी आमची, मग इतरांना काय?’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस एक भेद करतो. वैद्य हा वैद्य या नात्याने रोग्याचे हित पाहतो. द्रव्यार्जन ही त्याची दुसरी, वेगळी कला. कर्ज नेमका हा भेद पुसून टाकते. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता भरायचा असलेला तरुण डॉक्टर समोरच्या रोग्याला सीटी स्कॅन लिहून देतो, तेव्हा तो निर्णय वैद्याचा की ऋणकोचा? कदाचित त्याचे त्यालाही उमगणार नाही. तो लोभी असेलच असे नाही, केवळ अडकलेला असेल. कर्जाच्या कागदावर सही तिघांची असते: विद्यार्थ्याची, बापाची आणि बँकेची. फेडणारा चौथा माणूस मात्र रोगी, आणि त्याला कोणी विचारलेले नसते.

याचा अर्थ स्वस्त ते पवित्र, असा नव्हे. अनेक शासकीय महाविद्यालयांत अध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, वसतिगृहांची दशा शोचनीय आहे. मुलगी रात्रपाळीला कोठे विश्रांती घेणार, ही आईची चिंता तुच्छ लेखण्याजोगी नाही. तेथे प्रत्यक्ष जाऊन पाहावे, तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी बोलावे. मात्र रोग्यांनी भरलेले वॉर्ड हेच वैद्यकाचे खरे पाठ्यपुस्तक आहे, आणि ग्रामीण शासकीय रुग्णालयात ते फुकट उघडे असते. फी भरून ते मिळेलच, अशी खात्री नाही.

किंमत रुपयांतच मोजावी, असेही नाही. इडा स्कडरबाईंनी १९०० साली वेल्लोरला एका खाटेचा दवाखाना काढला आणि १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. त्या संस्थेत आजही फी कमी घेऊन पुष्कळांकडून सेवेची वर्षे मागितली जातात. भारतीय बिशपांनी १९६३ मध्ये बंगळूरला सुरू केलेल्या सेंट जॉन्समध्ये ग्रामीण सेवेची अट आहे. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्रामला काढलेल्या महाविद्यालयाची घडणही खेड्याकडे तोंड करून झाली. असा ऋणकोही बांधलेला असतोच, परंतु रोग्याच्या बाजूने. ही अट दंड भरून चुकवावी कशी, असे विचारायला येणारेही आहेत. त्यांना मी चहा देतो.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. महाराष्ट्राने १९८७ मध्ये देणगीबंदीचा कायदा केला. आंध्र प्रदेशात खासगी महाविद्यालयांची फी सातपट वाढवून वर्षाला चोवीस लाख करण्यात आली, तेव्हा शिक्षण हा नफ्याचा धंदा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये बजावले. पण नावाचा हव्यास न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

म्हणून येणाऱ्या कुटुंबाला मी एकच प्रश्न विचारतो: धाकट्याला विचारलेत का? विकली जाणारी वाडी त्याचीही असते. दहावीत शिकणाऱ्या त्या मुलाला ताईच्या प्रवेशाची बातमी पेढ्यांबरोबर कळते. त्याचे शिक्षण कोणत्या पैशांतून होणार, हे कळत नाही. आणि खुद्द मुलीलाही हप्त्याचा आकडा क्वचितच सांगितलेला असतो. ‘तिच्या मनावर ताण नको’ म्हणून! अठरा वर्षांची मुलगी उद्या माणसांच्या जिवाची जबाबदारी घेणार आहे. तिला हा आकडा पेलवेल. प्रवेशफेरीची मुदत थोड्या दिवसांची असते खरी, पण घरातील चौघांनी एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसण्याइतका वेळ तीत असतो.