तपासणीची फी

गाडी सेल्फ घेत नाही म्हणून धापा टाकत आलेल्या माणसाला नवी बॅटरी विकणं, याहून सोपं काम माझ्या धंद्यात नाही. जुनी तीन-चार वर्षांची असते, हैदराबादच्या उन्हाळ्यांनी तिचा जीव काढलेला असतो, आणि त्याला ऑफिस गाठायचं असतं. नवी बसवली की गाडी सुरू होते. दोष डायनमोत असला तरी त्या सकाळपुरतं माझं निदान बरोबरच ठरतं. वर जुन्या बॅटरीतल्या शिशाचे पैसे मिळतात ते वेगळेच.

नीट तपासायचं तर वेळ जातो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास हवी. 12.2 दिसले तर ती निम्मी उतरलीय, पण उतरलेली म्हणजे मेलेली नव्हे. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जाऊ नये, इंजिन चालू झाल्यावर तो साधारण 13.8 ते 14.4 हवा. मग हेडलाइट, एसी सगळं लावून पुन्हा बघायचं. आकडा चढलाच नाही तर पट्टा घसरत असेल, कार्बन ब्रश झिजले असतील, रेग्युलेटर गेला असेल. डायनमोच्या मागच्या बोल्टवर 14.2 आणि बॅटरीवर 13.3 असेल तर मधली वायर नाहीतर अर्थिंग खातेय. तेव्हा एक जोड घासून घट्ट केला की झालं. त्याचे मागून मागून किती मागणार?

मी स्वतःला मीटरवाला समजत आलो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर उपटून डायनमो बघायची जुनी करामत मी करत नाही. व्होल्टेज उसळून ईसीयू जाऊ शकतो. पण मीटर हातात आहे म्हणून मन साफ असतं असं नाही. सेल्फ मारताना पिना शिशाच्या खुंटीऐवजी गंजलेल्या क्लॅम्पवर टेकवल्या की चांगली बॅटरीही गेल्यासारखी दिसते. हे मला माहीत आहे, गिऱ्हाइकाला नाही.

इथल्या, चिक्कडपल्लीतल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं तर वापरातच असतं. आरटीसी क्रॉस रोड्सपासून नारायणगुड्यापर्यंत एसी लावून रांगत जायचं. मंद इंजिनावर डायनमो कमी वीज देतो. 2020 च्या फेब्रुवारीत इथलं मेट्रो स्टेशन सुरू झालं, तेव्हापासून काहींची गाडी दारातच उभी असते, आणि अलार्म, मागून बसवलेली म्युझिक सिस्टीम गुपचूप वीज पीत राहतात. सगळं बंद करून थोडं थांबल्यावरही 50 मिलीअँपिअरच्या बरीच वर गळती दिसली तर एकेक फ्यूज काढून चोर शोधावा लागतो. नसेल तर एवढंच सांगायचं : चार्जरवर लावा, अधूनमधून लांब चक्कर मारा.

हे मी सांगतो. सगळ्यांना सांगतो का?

टॅक्सीवाल्याला सांगतो, कारण तो मला पकडेल. काचीगुडा, सुलतान बझारकडून आलेला कुणी मराठीत "भाऊ, जरा बघता का" म्हणाला की हात आपसूक मीटरकडे जातो. आणि ज्याला गाडीतलं काही कळत नाही, माझी भाषाही येत नाही, त्याच्याशी मी खोटं बोलत नाही. "बॅटरी गई क्या?" असं त्यानंच विचारलेलं असतं. मी मान हलवतो. आजवर याला मी गिऱ्हाइकाची घाई म्हणत आलो. पण तितक्याच घाईतल्या मराठी माणसाला मी थांबवून ठेवतोच की.

आता तपासणीची फी लावलीय. मोजण्याचेच पैसे मिळाले तर विकायची ओढ कमी होईल, असा हिशेब. तो बराचसा जमतोय, काहीजण "देखने के पैसे?" म्हणत पुढच्या दुकानात जातात, जाऊ देत. अडचण वेगळीच आहे. मराठी बोलणाऱ्याकडे फी मागायला जीभ रेटत नाही. म्हणजे ज्याला मी कधी फसवत नव्हतो त्याला तपासणी फुकट, आणि ज्याच्या बॅटऱ्या न मोजता बदलत आलो, माझ्या प्रामाणिकपणाचे पैसे त्यानंच भरायचे.