शिलोहाचा बुरूज आणि वळवाची वीज

(शास्त्रभाग : लूक १३:१-५)



चैत्र-वैशाखाचे ऊन पठारास भाजून काढते, समुद्राकडील दमट हवा त्या तापल्या भूमीवरून वर चढते, आणि तिसऱ्या प्रहरी पाहता पाहता काळ्या ढगांचे डोंगर उभे राहतात. मग घाटमाथा असो वा सपाटी, वारा, गारा व वीज ही एकदमच येतात. आम्ही राहतो त्या विश्रांतवाडीत अशा वेळी आळंदी रस्त्यावरील माणसे धावत जाऊन मिळेल त्या झाडाखाली वा पत्र्याखाली उभी राहतात. गावाच्या नावात विश्रांती आहे, परंतु त्या आडोशात ती नाही.

अलीकडील गोष्टी पाहा. ता. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिरात जमलेले लोक पत्र्याच्या मंडपाखाली असता वादळाने मोठे झाड त्यावर कोसळले व ७ जण मरण पावले. आठच दिवसांनी, ता. १७ रोजी, पुण्यालगत किवळे येथे वादळी पावसात आडोशास उभ्या राहिलेल्यांवर जाहिरातीचा लोखंडी फलक पडला; ५ जण गेले. ता. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे तसाच एक प्रचंड फलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण प्राणांस मुकले.

हे सर्व इतरांहून अधिक पापी होते काय? शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली, तेव्हा प्रभूने हाच प्रश्न विचारला, नाही असे स्वतःच उत्तर दिले, आणि ऐकणाऱ्यांस आपापल्या पश्चात्तापाकडे वळविले. तरी आमच्या गावांत अजून काय ऐकू येते? ज्याच्यावर वीज पडली तो पायाळू होता, अथवा त्याच्या घराण्यावर कोप होता! मंडळीतही कोणी दबल्या आवाजात म्हणतो की, त्याने उपासना सोडली होती. बंधूंनो, विधवेच्या दारी असे बोलणे हे सांत्वन नव्हे, तो दुसरा घाव होय. शिवाय बुरूज मनुष्यांनी बांधलेला असतो आणि फलकही मनुष्यांनीच उभारलेला असतो. आपल्या निष्काळजीपणास देवाची करणी म्हणणे हे असत्य आहे.

याहून घातक एक समज आहे. वीज लागलेल्याच्या अंगात वीज राहते, म्हणून त्यास शिवू नये, असे लोक म्हणतात. हे खरे नाही. त्याच्या देहात वीज उरत नाही. त्यास तत्काळ हात लावावा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी जोराने व भरभर दाबत राहावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक जण अशा साहाय्याने वाचतात. याजक व लेवी जखमी मनुष्यास पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. आपण तसे जावे काय?

उपदेशकबंधूंनो, या महिन्यांत उपासनेनंतर मंडळीस इतके अवश्य सांगा. गडगडाट ऐकू आला की वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते, असे समजावे. काम सोडून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच राहावे. एकट्या झाडाखाली स्वतः उभे राहू नये, गुरेही बांधू नयेत. पाण्यातून बाहेर निघावे. उघड्या रानात सापडल्यास एकमेकांपासून दूर होऊन, पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने सिद्ध केलेले ‘दामिनी’ हे ॲप जवळपासच्या विजेची सूचना मोबाइलवर देते. मंडळीतील एखाद्या तरुणाने ते पाहावे व शेजारच्या वस्तीसही वेळेवर कळवावे.

आणखी एक विनंती. तुमचे प्रार्थनामंदिर पक्के बांधलेले असेल तर आभाळ भरून येताच त्याचे दार उघडा, आणि धनगर, मजूर, वाटसरू, जो येईल त्यास जात अथवा धर्म न विचारता आत घ्या. वादळास शांत करणे आपल्या हाती नाही. ते ज्याच्या हाती आहे त्याचे आपण सेवक आहोत. दार उघडणे मात्र आपल्या हाती आहे. ते उघडले तर त्या घटकेपुरते तुमचे गावही विश्रांतवाडी होईल.