झिजलेला हँडसेट आणि आपले कर्तव्य

घरातील कॉर्डलेस फोनचा हँडसेट जुना झाला, तर तो दुरुस्त करावा की त्याच्या जागी नवा आणावा? हा काय नीतीचा प्रश्न झाला, असे कित्येकांना वाटेल. दोन-तीन हजारांचा व्यवहार; ज्याला परवडेल त्याने नवा घ्यावा, न परवडेल त्याने जुना चालवावा, संपले! परंतु मनुष्याची नीती केवळ मोठ्या प्रसंगीच कसाला लागते असे नाही. रोजच्या वापरातील वस्तू आपण कशी हाताळतो, यावरून ती वस्तू ज्याच्या हातात आहे त्या माणसाकडे आपले किती लक्ष आहे, हेही कळून येते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या देशात मोबाइलवरून पहिले संभाषण 31 जुलै 1995 रोजी झाले. पुढे मोबाइल घरोघर पोहोचला व तारेचा फोन मागे पडला. तरीही बेळगावात 0831 हा संकेतांक असलेला घरचा जुना नंबर जपून ठेवणारी कुटुंबे आहेत. निपाणीकडेही अशी घरे आढळतात. बहुधा त्या घरी वडीलधारी माणसे असतात. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी गेलेली. मोबाइलच्या काचेवर म्हातारे, कोरडे बोट नीट चालत नाही. उठावदार बटण मात्र चाचपडूनही सापडते. म्हणून त्या घरी तो हँडसेट ही चैनीची वस्तू नसून लेकरांचा आवाज कानी येण्याचा मार्ग आहे.

आता हा हँडसेट झिजतो म्हणजे काय होते? बहुतेक वेळा सबंध यंत्र बिघडत नाही. आतील निकेलच्या बॅटरीला वर्षे मोजून दिलेली असतात. शेकडो वेळा चार्ज झाल्यावर तिची धारणशक्ती सरते. मग पडद्यावर ती भरलेली दिसते आणि पाच मिनिटांत फोन बंद पडतो. बटणांखाली रबराचा पापुद्रा असतो व त्यावर कार्बनचे काळे ठिपके. तेथे धूळ व हाताचा तेलकटपणा साचला की ‘पाच’ दाबला तरी उमटत नाही. चार्जिंगच्या पत्र्यांवर मळ चढतो. यातील मळ तर स्पिरिटच्या बोळ्याने किंवा खोडरबरानेही निघतो, आणि बॅटरी काही शेकडा रुपयांत मिळते. मात्र तिच्या जागी साधे पेन्सिल सेल घालू नयेत. ते चार्ज होण्यासाठी बनविलेले नसतात व गळून किंवा फुटून अपाय करतात.

येथपर्यंतची गोष्ट कारागिराची झाली. नीतीची गोष्ट यापुढे आहे. बॅटरी थकली की बोलणे मध्येच तुटते, आवाज बारीक होतो. अशा वेळी घरातील आजी काय म्हणते? “फोन बिघडला” असे ती क्वचितच म्हणते. “माझेच कान गेले आता” किंवा “मलाच हे जमत नाही” असे ती म्हणते. मग ती हळूहळू फोन करणेच सोडून देते. मुलांना वाटते, आईला बोलण्याची फारशी हौस राहिली नाही. अशा रीतीने एका जुन्या बॅटरीचा दोष एका जिवंत माणसाच्या माथी बसतो, आणि आई व मुले यांच्यामध्ये ज्याचे कारण कोणालाच ठाऊक नाही असा अबोला वाढतो. हे नुकसान दुकानाच्या बिलात कोठेही लिहिलेले नसते.

या बाबतीत लोकांचे दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, “टाका ते जुने, नवे आणा.” दुसरा म्हणतो, “चालतंय ना, चालू द्या.” पहिल्याला आपण उधळा म्हणतो व दुसऱ्याला काटकसरी. परंतु आमच्या मते दोघांचा दोष एकच आहे: दोघांनीही तो हँडसेट हातात घेऊन पाहिलेला नाही. पहिल्याला पाहण्याचे कष्ट पैशाने चुकवायचे आहेत, दुसऱ्याला नुसत्या शब्दाने. नवा फोन आला की त्याची बटणे बारीक, मांडणी वेगळी. आजी पुन्हा अडखळते. जुना तसाच ठेवला तरी ती अडखळतेच. काटकसर आपण करावी आणि त्रास दुसऱ्याने सोसावा, याला सद्गुण म्हणता येणार नाही.

टाकलेल्या वस्तूचाही विचार केला पाहिजे. आपले बेळगाव ओतकामाचे गाव आहे. उद्यमबागेच्या भट्टीत मोडका बिडाचा भाग पुन्हा वितळतो व नवा होऊन बाहेर येतो. हँडसेटचे तसे होत नाही. त्यात प्लास्टिक, तांबे, कथील व बॅटरीतील धातू एकमेकांत असे गुंतलेले असतात की ते वेगळे करणे कठीण. जुन्या जातीच्या बॅटरीत तर कॅडमियम हे विष असते. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 च्या अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला, आणि त्यातील रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला तो केवळ 22.3 टक्के. उरलेल्यातील काही उघड्यावर जाळून तांबे काढणाऱ्या गरिबाच्या छातीत जातो. आपल्या देशाच्या ई-कचऱ्याच्या नियमांत कॉर्डलेस फोनचे नाव आहे, आणि 2022 च्या बॅटरी नियमांप्रमाणे जुनी बॅटरी घरच्या केरात न मिसळता वेगळी देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे. फेकले म्हणजे संपले असे नव्हे. ते कोणाच्या तरी दारात जाऊन पडते.

मग काय, दुरुस्ती हेच सदैव पुण्य? तसेही आमचे म्हणणे नाही. बॅटरी फुगली असेल, अडॅप्टर तापत असेल, तर त्यांचा वापर तत्काळ थांबवावा. त्या जातीची बॅटरी मिळत नसेल तर नवा फोन घेण्यात कमीपणा नाही. आजीला खरोखरच कमी ऐकू येत असेल, तर मोठ्या आवाजाचा फोन घेणे हे प्रेमाचेच काम होय. दुरुस्तीला दिलेला फोन पंधरा दिवस दुकानात पडून राहिला व तोवर घर मुके झाले, तर ती दुरुस्ती कसली? तेवढ्या दिवसांपुरता दुसरा फोन द्यावा. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वीज गेली की कॉर्डलेसचा बेस बंद पडतो. जुन्या तांब्याच्या तारेवरील साधा फोन एक्स्चेंजच्या विजेवर चालत असे; फायबरच्या पेटीला मात्र घरचीच वीज लागते. तेव्हा एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरी वीज गेल्यावर काय करावयाचे, याची सोय आधीच करून ठेवावी.

म्हणून निर्णय करताना तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. हा फोन कोण वापरते व त्या व्यक्तीला काय सोयीचे आहे? यात नेमके काय झिजले आहे? आणि टाकायचा झाल्यास तो कोणाच्या हाती जाईल? किमतीचा प्रश्न या तिहींच्या नंतर यावा. बहुतेक घरांत किंमत प्रथम विचारली जाते आणि आजीला तर कोणी विचारतच नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक सूचना करावीशी वाटते. वरच्या वर्गातील मुलांना आपापल्या गल्लीतील एका वृद्ध शेजाऱ्याकडे पाठवावे. त्यांनी घरच्या नंबरावर फोन लावून पाहावा, आवाज नीट येतो का ते विचारावे, बॅटरी कधी बदलली ते विचारावे. बॅटरी बदलावी लागली तर मुलांनी त्यावर तारीख लिहून ठेवावी. आणि निघण्यापूर्वी, ज्या मुलाशी किंवा मुलीशी आजींना बोलायचे आहे, त्यांचा नंबर स्वतः आजींच्या बोटाने लावून घ्यावा.